ट्रॉलीला टांगलेली सायकल

आधी हातातला चहा खाली ठेवा. सांडला तर मला बोल लावू नका. आमच्या ब्राह्मणपुरीत माझ्या शहाणपणाचे जे धिंडवडे निघाले, ते मीच सांगितलेले बरे. रमणकडून ऐकलंत तर तो वर मीठमसाला लावेल.

झालं असं, की माझी पोरगी पूर्वा नाशिकला नोकरीला लागली आणि तिनं हौसेनं मला सायकल पाठवली. साधीसुधी नाही हो, डोंगरात चालवायची! जाडजूड टायर, चकतीचे ब्रेक, आणि ब्रेकला वायरच नाही, नळीत तेल! ट्रॅव्हल्सच्या टपावरून सायकल उतरली आणि पाठोपाठ फोन आला, "पप्पा, मी माझी सायकल घेऊन येतेय. रविवारी आपण दोघं तोरणमाळचा घाट उतरायचा."

छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली!

पण पुढचा ब्रेक दाबून पाहिला, तर मऊ. चाक थांबायचं, पण आपल्या सवडीनं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरीला फोन! पण तिनं एवढ्या मायेनं दिलेली वस्तू खराब निघाली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. म्हटलं, रविवारच्या आत गुपचूप दुरुस्त करू.

आमच्याकडे सायकल दुरुस्त करायची म्हणजे पहिलं काम काय? उलटी करायची! सीट खाली, चाकं वर. तशी केली आणि बसलो ब्रेक दाबत. बघतो तर ब्रेक आणखी मऊ!

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातला रमण आला. मोटर, पंप, ठिबक, सगळ्यांचा हा डॉक्टर.

"काय करी ऱ्हायना भाऊ?"

"ब्रेक बिघडना रे. पण बोंबलू नको, पोरनी सायकल शे."

त्यानं ब्रेक दाबला, डोळे मिटले, मान हलवली. "भाऊ, यानी हवा धरी लिन्ही! पंपनागत!"

निदान बरोबर होतं बरं का. घोळ झाला तो उपचारात.

"ठिबकमा हवा काढाना व्हॉल्व्ह कोठे बसाडतस?" रमणनं विचारलं.

"सर्वास्मा उच्चा जागावर."

"मंग! चाक जितकं उच्चं करशी, तितकी हवा तठून निंघी जाई!"

मला पटलं. सगळी हयात केळीला ठिबक अंथरण्यात गेली, मला नाही पटणार तर कोणाला? एवढंच ध्यानात आलं नाही, की ठिबकच्या व्हॉल्व्हला तोंड असतं आणि ब्रेकची नळी चाकाजवळ बंद असते. सायकल उलटी करून दाबलं की हँडलजवळच्या टाकीतली हवाही नळीत शिरते. म्हणजे आम्ही हवा काढत नव्हतो, आवतण देत होतो!

मग सायकल ओट्यावर गेली. ओट्यावरून टेबलावर. येणारा-जाणारा ब्रेक दाबून सल्ला देऊन जाई. शनिवारपर्यंत ब्रेक पिकलेल्या केळ्यासारखा झाला, तेव्हा रमणनं ट्रॅक्टर आणला. ट्रॉली उचलली आणि तिच्या उंच टोकाला सायकल बांधली, चाकं आभाळाकडे! मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उभा राहून ब्रेक दाबतोय, खालून अर्धं गाव ओरडतंय, "दाब भाऊ, आखो दाब!"

आणि गर्दीमागून आवाज आला, "पप्पा, मी दिलेल्या सायकलीला फाशी का दिलीय?"

पूर्वा! एक दिवस आधीच!

ब्रेक सोडून मी मडगार्डवरून खाली उतरलो. म्हटलं, आता रडते की काय! पण सगळी हकिकत ऐकून ती हसत हसत खालीच बसली.

मग तिनं सायकल सरळ उभी केली, ब्रेकची मूठ वर येईल असं हँडल वळवलं, नळीवर टिचक्या मारल्या, ब्रेक हळूहळू बऱ्याच वेळा दाबला आणि शेवटी दाबून सुतळीनं बांधून ठेवला. रातोरात हवा टाकीत परत चढली; सकाळी सुतळी सोडली, तर ब्रेक दगडासारखा घट्ट!

"पप्पा, आता दोनच बोटांनी, हळू दाबायचा हं."

"मला शिकवतेस? तुला सायकल कोणी शिकवली?"

घाटाला निघण्याआधी गावाला एक फेरी दाखवायलाच हवी होती ना! आलो जोरात. गर्दीसमोर आलो आणि आमच्या जुन्या सायकलीचा आवळायचो, तसा चारी बोटांनी सगळी ताकद लावून ब्रेक आवळला.

सायकल जागच्या जागी थांबली. मी नाही थांबलो.

हँडलवरून जो उडालो, तो थेट केळीच्या पाटात! कानात चिखल, नाकात चिखल. पूर्वा किंचाळत धावत आली. तेवढ्यात रमणनं काळजीनं वाकून विचारलं, "भाऊ, ब्रेक कसा शे?"

चिखलातनं फक्त एक हात वर काढून मी सांगितलं, "एक नंबर!"