यशयाचं वचन आणि टोपलीतल्या गोळ्या

मनमाडच्या आमच्या चर्चमध्ये नाताळच्या आधी मुलांच्या जोड्या लावत. एक मूल जुन्या करारातला संदेष्टा व्हायचं, दुसरं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा. संदेष्टा सांगायचा, बेथलेहेमातून राजा निघेल; दुसऱ्याने सांगायचं, तो तिथेच जन्मला, गव्हाणीत निजवला गेला. जोड्या बसवायची माझी आत्या. तिचा एक कडक नियम होता. "नुसतं 'पूर्ण झालं' म्हणून खाली बसायचं नाही. काय घडलं ते सांगायचं." संदेष्टे जे बोलून गेले ते येशूच्या आयुष्यात घडलं, ही श्रद्धा मी अशी शिकलो. ती आजही आहे.

मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाक करून आत्याने मला पदवीपर्यंत नेलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सातपूरला नोकरी लागताच तिला माझ्याकडे घेऊन आलो. तिला फिट यायच्या. रोजची गोळी घेतली की काही त्रास नसे. चुकली की पडायची. एकदा स्टोव्हजवळ पडली होती, त्याचा डाग दंडावर होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये बाहेरगावचा प्रचारक आला. तो व्यासपीठावरून ओरडत होता, "संदेष्टा यशया म्हणाला, तो आपले रोग वाहील. शुभवर्तमानात मत्तय म्हणतो, ते पूर्ण झालं. झालं की नाही?"

"झालं!" हॉल ओरडला.

"मग घरात गोळ्या कशाला? टाका इथे!"

टोपली फिरू लागली. लोकांनी खिशांतून, पिशव्यांतून रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या काढल्या. एका बाईने धाप लागणाऱ्या मुलाचा पंप टाकला आणि मूल तिच्याकडे बघत राहिलं. तेवढ्यात आत्याने पर्स उघडली.

"आत्या, नको."

"वचन आहे ते. तूच पाठ म्हणायचास ना?" असं म्हणत तिने गोळ्यांचं पाकीट टोपलीत टाकलं.

सभा संपल्यावर चहा होता. काम दिसलं की आत्याला बसवत नसे, ट्रे तिनेच उचलला. प्रचारकाने कप हातात घेतला आणि थांबला.

"साखर आहे का यात? मला चालत नाही. डॉक्टरांनी बंद केलीय."

"म्हणजे तुम्ही गोळी घेता?" आत्याने विचारलं.

"घ्यावी लागते, मावशी. प्रभूच्या सेवेसाठी शरीर टिकवायला नको?"

"आणि माझं?"

तो हसला. "विश्वास कमी पडतोय, मावशी." आणि दुसरा कप मागितला. त्याचे ते पांढरेशुभ्र बूट आणि ओठांवरचं ते हसू आठवलं की मला अजून किळस येते.

आत्याने ट्रे खाली ठेवला. "टोपली कुठंय?"

ती हॉलमागच्या कचऱ्याच्या पिंपात रिकामी केली होती. आम्ही दोघांनी आत हात घातले. केळीची सालं, केकचे ओले कागद, कुणाची तरी थुंकी. पंप आधी सापडला. तो धुऊन मी त्या बाईला नेऊन दिला. तिने घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग आत्याचं पाकीट मिळालं. पदराने पुसून तिने तिथल्याच नळाच्या पाण्याबरोबर एक गोळी घेतली.

परतताना तिने अचानक विचारलं, "मत्तयात त्या वचनाआधी काय घडलंय? सांग."

"पेत्राची सासू तापाने पडली होती. येशूने तिच्या हाताला हात लावला. ताप उतरला, ती उठून कामाला लागली. संध्याकाळी लोकांनी आजारी माणसं आणली, ती त्याने बरी केली."

"म्हणून मत्तय लिहितो, यशयाचं बोलणं पूर्ण झालं. येशूने कुणापुढे टोपली फिरवली होती?"

"नाही."

"पोरांना नुसतं 'झालं' म्हणू देत नाही मी. आणि आज मीच ओरडले."

घरी आल्यावर तिने साबणाने हात धुतले. तिच्यानंतर मी धुतले. रात्री भाकरी मोडताना तिने बोटं नाकाशी नेली, ताट बाजूला सारलं आणि पुन्हा हात धुवायला उठली.