विरळ ठिपके

नाशिकच्या आमच्या आरोग्य कचेरीत शेजारच्या टेबलावर संगणकावर आलेख काढणारे एक गृहस्थ बसतात. प्रिंटर काळा-पांढरा, म्हणून ते खांबांत रंगांऐवजी तिरप्या रेघा, जाळी, ठिपके भरतात. कुठली नक्षी कशाची, हे सांगणारे कोपऱ्यातले सूचीचे चौकोन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चहा निवून जातो, पण चौकोन ताणणं संपत नाही.

"एवढ्याशा चौकोनात जाळी आन् रेघा सारख्याच दिसत्यात. लय घोळ होतो," हे ते मला रोज ऐकवतात. मी रोज मान डोलावतो आणि मनात हसतो.

मागच्या महिन्यात द्राक्षबागांत फवारणी करताना विषबाधा झालेल्या मजुरांचा आलेख बैठकीत दाखवायचा होता. त्यात दिंडोरी तालुक्याचा खांब सगळ्यांत उंच होता.

साहेब म्हणाले, "याला विरळ ठिपके द्या. जरा सौम्य वाटेल."

"देतो साहेब," ते लगेच म्हणाले. मला त्यांची कीव आली.

बैठकीत पडद्यावर आलेख उघडला. दिंडोरीच्या खांबात ठिपके विरळच होते. सूचीतला चौकोन मात्र चांगला तळहाताएवढा होता. त्यात एकच ठिपका होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'एक ठिपका म्हणजे एक मजूर'. वरच्या कचेरीतून आलेल्या मॅडम बोट उचलून खांबातले ठिपके मोजू लागल्या.

साहेब आलेखवाल्या गृहस्थांच्या कानाशी कुजबुजले, "विरळ सांगितले होते ना?"

"विरळच हायेत साहेब," ते म्हणाले, "म्हणून तर मोजता येत्यात."