डाव्या चाकाची नाल

माझ्या सासऱ्यांची पहिली गाडी मी निवडली आणि तिच्यात एकही दोष नव्हता. तो मी नंतर बसवला.

त्या वेळी मी भिंगारला लष्कराच्या एका कचेरीत कारकून होतो. काम काय, तर आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या टपालावरही मारायचा. पण कचेरी वाहनांची होती. एवढ्यावरून संगमनेरकडच्या माझ्या सासुरवाडीत, जावई रणगाडे दुरुस्त करतो, अशी बातमी पसरली. ती कोणी पसरवली ते मला ठाऊक नाही. (मी खोडून काढली नाही, एवढं मात्र खरं.)

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गावाचं दूध संगमनेरच्या डेअरीत पोचवायचं काम अंगावर घेतलं, तेव्हा लिलावातली जुनी पिकप निवडायला साहजिकच मला पुढे केलं. मी बॉनेटवर दोन थापा मारल्या, टायरला एक लाथ घातली आणि "घ्या" म्हणालो. गाडी खरोखरच गुणाची निघाली. तिथंच मी तोंड मिटलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

गाडी दारात आली, पूजा झाली. सासूबाईंनी (त्यांना मी मामी म्हणतो) दृष्ट लागू नये म्हणून घोड्याची नाल आणून ठेवली होती. माझा मेहुणा बबन, गाडी तोच चालवणार होता, नाल पुढच्या बंपरवर धरून उभा राहिला. मामी म्हणाल्या, "हितंच बसवू ना, जावईबापू?"

सगळ्या भावकीचे डोळे माझ्याकडे. नुसतं 'हो' म्हणालो असतो तर मग मी रणगाडेवाला कसला? मी म्हणालो, "नाल काय घोड्याच्या कपाळाला मारतात? पायाला मारतात. चाकाला बसवा."

भावकीने माना डोलावल्या. जावयाचा शब्द त्या घरात खाली पडू देत नसत. पुढच्या डाव्या चाकाच्या लोखंडी थाळीला, अगदी कडेला, भोक पाडून नाल नट-बोल्टाने पक्की झाली. मी पुरणपोळी खाऊन भिंगारला परतलो आणि नाल विसरून गेलो.

पुढे अधिक महिना आला. जावयाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं घेऊन बबन आला, पण त्याचा चेहरा जेवणाचा नव्हता.

"दाजी, गाडीचं मुंडकं हालतंय."

"म्हणजे?"

"हळू हाय तवर गरीब गाय. जरा पळवली आन् खड्डा आला, की पुढची चाकं थयथय नाचत्यात. स्टेअरिंग हातात ऱ्हात न्हाई. डेअरीत पोचस्तवर किटल्यांत लोणी येतंय."

डेअरीने दूध परत पाठवायला सुरुवात केली होती. गावाने मामांना सांगून टाकलं होतं की, सोमवारी दूध परत आलं तर आम्ही दुसरी गाडी बघतो. मामांनी गावाला शब्द दिला होता, त्यांची सारी पत त्या किटल्यांत होती. आणि गाडी माझ्या सल्ल्याची. मी गाड्यांचं टपाल उघडतो, गाड्या नाही, हे सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "बघू या."

"काय बघणार आहात?" माझी बायको सुमन म्हणाली. "तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही."

गावी पोचल्यावर मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणालो, "हवा जास्त आहे." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बबनने हवा सोडली. गाडी हलायची ती हललीच. मी म्हणालो, "फार कमी झाली." बबन घाम गाळत पंप मारत बसला. जावयाला उलट बोलायचं नाही, ही रीत त्या बिचाऱ्याच्या दंडांवर आली होती.

मामा डाव्या चाकापाशी घुटमळत होते. "जावईबापू, ह्या चाकात काय जादा वाटतंय का बगा बरं."

मी वाकून निरखून बघितलं. नालेवर मामींच्या रोजच्या पूजेचं हळदकुंकू होतं आणि एक झेंडूचं फूल.

"कुंकू जरा जास्त झालंय," मी म्हणालो.

मामांनी लांब सुस्कारा सोडला आणि टोपी काढून परत घातली.

मग मी स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस नाही असा शोध लावला. बबन अख्खी दुपार गाडीखाली गेला. संध्याकाळी मामा पुन्हा हळूच म्हणाले, "दोनी चाकं काढून जोखली तर? एखादं जड आसंल."

"मामा, चाकं म्हणजे काय कांद्याची गोणी आहे, जोखायला?" मी हसलो. मामाही हसले. ते हसणं आठवलं की मला आजही कानकोंडं होतं.

रविवारी धोंड्याचं जेवण झालं आणि तूप डोक्यात चढल्यामुळे मला खरं कारण सापडलं. पुढे वजन कमी पडतंय! जेवायला आलेले दोन आडदांड चुलत सासरे मी दोन मडगार्डांवर बसवले. पोट धरून ते मुकाट बसले, कारण शब्द जावयाचा. गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात एकाची कवळी उडाली, आणि दुसऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते पुढच्या दिवाळीपर्यंत.

सोमवार उजाडला. किटल्या चढल्या. सगळं गाव पारावर बघत उभं. मामा मागे किटल्या धरून बसले. मला भरून आलं. मी जाहीर केलं, "मी स्वतः मडगार्डवर बसून चाकावर नजर ठेवतो."

"आधी उरलेले धोंडे खाऊन घ्या," सुमन म्हणाली. "नंतर दात राहतील न राहतील."

बबनने गाडी पळवली, खड्डा आला, आणि माझ्याखालची गाडी अंगात आल्यासारखी घुमू लागली. चाक बघायचं राहिलं बाजूला, मला आभाळ दिसलं, मग काचेआडचं बबनचं तोंड, मग पुन्हा आभाळ. शेवटी मी कुणाच्या तरी लसूणघासाच्या वाफ्यात पालथा पडलो. बबनने ब्रेक लावून गाडी मागे आणली. डोळे उघडले तर माझ्या नाकासमोर डावं चाक होतं, आणि चाकावर नाल. पलीकडचं चाक डोळ्यांपुढे आणलं. त्याला नाल नव्हती.

"मामा," मी पडल्या पडल्या म्हणालो, "ही नाल काढून बघायची का?"

मामांनी मागून उडी टाकली. "आता तुमीच म्हनताय तर काढू," म्हणाले आणि बंडीच्या खिशातून पाना काढला. बरोब्बर त्या नटाचा.

"पाना खिशात कसा?"

"ऱ्हातो आपला, कवा कवा."

बबन घासाकडे बघत उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

नाल निघाली आणि गाडी संगमनेरपर्यंत लोण्यासारखी गेली. लोणी मात्र आलं नाही. डेअरीने सगळं दूध घेतलं. मामांनी किटल्या रिकाम्या बघून डोळे पुसले, आणि मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

घरी आल्यावर मी मामींना विचारलं, "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"म्हंजे काय. मी रोज त्या नालंलाच हात जोडत हुते. म्हनलं, आमच्या जावयाला दिस बाई एकदाची."

"मग सांगायचं नाही का?"

"जावयाला?" मामींनी तोंडाला पदर लावला.

निघताना मी मामांसमोर हात जोडले. म्हणालो, "यापुढं गाडीबद्दल मला एक अक्षरही विचारू नका." पुढे बबनने ट्रॅक्टर घेतला, मामांनी टेम्पो घेतला, मला कोणी हॉर्नसुद्धा वाजवून बघायला सांगितलं नाही. जावयाचा शब्द त्या घरात खाली पडू देत नाहीत. आणि मी दिलेल्या सगळ्या सल्ल्यांत तेवढा एकच लागू पडला.