आबांचा एकच फोटो

माझ्या वडिलांचा, आबांचा, सबंध आयुष्यात एकच फोटो निघाला. तो आता नाही. आबाही नाहीत. फोटो होता तोवर त्यांचा चेहरा मुद्दाम आठवायची मला गरज पडली नाही. आता आठवायला बसलो की तो फोटोच डोळ्यांपुढे येतो, तोही अर्धामुर्धा. जेवढं अजून हाताशी आहे तेवढं लिहून ठेवतो आहे.

आमची वस्ती मुळशीच्या खोऱ्यावरच्या डोंगरात. थोडी खोपटी, मेंढ्या-शेळ्यांचा वाडा, उतारावर नाचणीची वावरं. त्या काळात खाली धरणाची भिंत चढत होती आणि नदीकाठची गावं उठू लागली होती. मी पुण्याला शाळेत मास्तर होतो. तिथला माझा एक मित्र फोटोग्राफर, लग्नांचे आणि पगडीवाल्यांचे फोटो काढून कंटाळलेला. खोरं पाण्याखाली जाण्याआधी तिथली म्हातारी, राबून रापलेली माणसं काचेवर उतरवून ठेवावीत असं त्याच्या मनात आलं. पौडापर्यंत टांग्याने आणि पुढे पायी, कॅमेऱ्याची पेटी आळीपाळीने खांद्यावर घेत आम्ही वर आलो. माझा हेतू वेगळा होता. आबा त्या वर्षी फार खोकत होते, आणि मला त्यांचा चेहरा हवा होता.

आबा खोपटातून बाहेर आले ते कुणाचा तरी काळा कोट घालून. बाह्या बोटांपर्यंत उतरलेल्या. आईला हसू आवरेना.

“अवं, नवरी कुटं हाय? का तीबी उसनीच आणायची?”

“तू गप बस. फोटू हाय ह्यो, खेळ न्हाई.”

ते दगडावर बसले, हात गुडघ्यांवर, मान ताठ, मामलेदारापुढे उभं केल्यासारखे डोळे. मित्राने काळ्या फडक्याखाली डोकं घालून पाहिलं आणि बाहेर काढलं.

“बाबा, कोट काढता का?”

“का वं? कोट चांगला हाय की.”

“चांगलाच आहे. पण मग कोटाचाच फोटो येईल.”

आबा तापले. “फाटक्या बंडीवर फोटू काढला तर लोकं काय म्हणतील? पोरगं पुण्याला मास्तर आन बाप उघडा?”

मित्राने वाद घातला नाही. ताक प्यायला, वाड्याच्या दारापाशी हिंडला, आणि कॅमेरा तिथे नेऊन उभा केला. मला म्हणाला, डोक्यावरचं ऊन चेहरा सपाट करतं. बाजूने यायला लागलं की एकेक सुरकुती आपली सावली घेऊन उभी राहते. शिवाय फोटोसाठी बसलेला माणूस आधी तोंड मिटून घेतो, मग डोळे असूनही बघत नाही. तो उठून कामाला लागेपर्यंत आपण थांबायचं.

उन्हं कलली तशी मेंढरं आली. त्यांतली एक लंगडत होती. आबांनी कोट काढून दगडावर टाकला, घोंगडी खांद्यावर ओढली आणि वाड्याच्या दारात गुडघे टेकून तिचा पाय काखेत धरला. नखांनी काटा चाचपू लागले.

“निघाला का, बाबा?” मित्राने विचारलं.

“निघतुय का! लई आत गेलाय. हलू नगा कुनी, बुजंल ती.”

असं म्हणून त्यांनी मान वर केली, आणि मेंढी बुजू नये म्हणून स्वतःचाच श्वास धरला. तेवढ्यात फोटो निघाला.

महिन्याभराने काचेवरून कागदावर उतरवलेला तो फोटो मी वर आणला. दाढीचे पांढरे खुंट, डोळ्यांपासून कानापर्यंत गेलेल्या रेघा, बारीक काम करताना दातांखाली धरायचे तो खालचा ओठ. मेंढीला ‘होतंय, होतंय’ म्हणायचे तेव्हा दिसायचे तसे. आबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

“मेंढी झ्याक आलीय,” ते म्हणाले.

“येनारच,” आई म्हणाली. “तिला कुटं कोट घालायचा हुता!”

पुढच्या भाद्रपदात आबा गेले.

आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षाने चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक उठवून देव्हाऱ्यात बसवतात. मग तो घरच्या देवांतला होतो. देवांबरोबर त्यालाही आंघोळ, हळद, निवद. सोनार सगळ्या टाकांवर एकच माणूस उठवतो, तेच डोळे, तीच तलवार. वर्ष भरल्यावर मी टाकाचं विचारलं, तेव्हा आई नको म्हणाली. “त्यात कुटलं त्येंचं तोंड? फोटूत तर खुद हायेत.” मी पुण्याहून फोटोला काचेची चौकट करून आणली. तिने ती खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली. मला बरं वाटलं.

माघात घरी गेलो तर चौकट भिंतीला टेकलेली, रिकामी. देव्हाऱ्यात फोटोचा नुसता पुठ्ठा होता, हळदीने पिवळा झालेला. कडेला वाड्याच्या दाराचा खांब दिसत होता, मेंढीचा एक कान दिसत होता. मध्ये पांढरट डाग.

“आई, काच कुठं गेली?”

“काढली. काचंवरनं पानी त्येंना कसं पोचंल?”

“आंघोळ घातलीस?”

“देवांस्नी घालती तशीच. थंडीचं मातर कोमट. गार पान्यानं त्येंचं गुडघं धरायचं, ठावं न्हाई व्हय तुला?”

मित्राच्या फोटो धुण्याच्या काळोख्या खोलीत मी अनेकदा उभा राहिलो होतो. उन्हाळ्यात तो माठातलं गार पाणी घ्यायचा, कारण कोमट पाण्याने कागदावरचा चित्राचा थर सुटतो. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“पयलं नुसतं फुगल्यावानी झालं,” ती हळूच म्हणाली. “मग पुसताना पदराला काळं लागाय लागलं. मला वाटलं, मळ निघतुय.” मग म्हणाली, “काचंवरचा हाय न्हवं तुज्या दोस्ताकडं?”

मी पुण्याला परतलो तो थेट त्याच्याकडे गेलो. जुन्या काचांवरची चित्रं घासून काढून तो त्या चौकटवाल्याला देत असे. त्या वेळी सगळेच फोटोग्राफर देत. खोऱ्यातल्या बऱ्याचशा दिवाळीआधीच गेल्या होत्या. तरी त्याने उरलेल्या पेट्या उघडल्या, एकेक काच खिडकीशी धरली. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं; काळ्या तोंडांची, पांढऱ्या बुबुळांची माणसं उजेडात येत गेली. नावाडी, मोळीवाली, एक कुंभार. आबा नव्हते. त्याने शेवटची पेटी बंद केली.

पुढच्या सुट्टीला मी वर गेलो. आई वाड्यात लेंड्या झाडत होती. तिला सगळं सांगितलं. तिने खराटा खाली ठेवला, हात धुतले, पदराला कोरडे केले. मग माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं. कपाळ बघितलं, नाक बघितलं, ओठांवरून अंगठा फिरवला. पुष्कळ वेळ बघत राहिली.

“न्हाई,” ती म्हणाली. “तू माज्या भावावर गेलाईस.”

आणि खराटा उचलून उरलेला वाडा झाडायला लागली.