लाल कापडातली कॉमिक्स

आज सकाळी देवपूजा आटोपून फोन उघडला, तर आमच्या मित्रांच्या ग्रुपवर नुसती रडारड. लहानपणी आपण जिची कॉमिक्स वाचली, ती कंपनी मुलांचे सिनेमे काढणाऱ्या बड्या कंपनीने विकत घेतली. देवरी गावच्या मित्राने लिहिलं, "आता आपला हिरो नाचतानाच दिसन, भाऊ!" मलाही वाईट वाटलं.

माझी जुनी कॉमिक्स मी पोथीसारखी लाल कापडात बांधून ठेवतो. कोणालाच हात लावू देत नाही.

बायको म्हणाली, "पोथी तरी श्रावणात गाठ सोडून वाचता. हे कायले बांधून ठेवलं? तुमच्या हिरोले तं तुम्हीच कोंडलं!"

तुमच्याकडेही असं काही बांधून ठेवलेलं आहे का? मी मघाशी गाठ सोडली आणि सगळी कॉमिक्स देवळाच्या सभामंडपात मुलांसाठी ठेवून आलो.