गुरुवार सोडून

बनुबाईचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर नव्हता. सव्वाचारला पुणतांब्याच्या स्टेशनातून एक मालगाडी न थांबता जायची, त्या धडधडीनं तिच्या खोलीचे पत्रे वाजायचे आणि ती उठून बसायची. चहा, चहाबरोबर रात्रीची अर्धी भाकरी, आणि पाचला हातात खराटा.

फलाट झाडायचं काम ठेकेदाराकडून होतं. अकरा वर्षं ती ते करत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत फलाट, शिवाय जिना, शिवाय बाहेरचं आवार. उभ्यानं खराटा फिरवला तर अर्ध्या तासात उरकतं. बनुबाई वाकून झाडायची, तिला दीड तास लागायचा. भिंतीच्या कडेची धूळ उभ्यानं निघत नाही, एवढंच तिचं म्हणणं. बदली बाई आली तर ती एकदाच करून दाखवायची. दुसऱ्यांदा दाखवायची वेळ आली तर खराटा काढून घ्यायची आणि स्वतः झाडायची.

फलाटावर माणसं झोपलेली असायची. गाडीची वाट बघणारी असायची, आणि कुठल्याच गाडीशी देणंघेणं नसलेली पंधरा-वीस वेगळी असायची. यांना घर नव्हतं. आधीचा झाडणारा गडी त्यांच्या अंगावर पाणी मारून उठवायचा. बनुबाई नाव घेऊन उठवायची.

"ऊठ रं सहादू. तुज्या खालची फरशी मला लागती."

त्यामुळं तिला सगळ्यांची नावं पाठ झाली, झोपायच्या जागा पाठ झाल्या. कोण खोकतो, कोण रात्रीतून चारदा लघवीला उठतो, हेही न विचारता कळायला लागलं.

सहादेव जिन्याखाली झोपायचा. साठीचा, एके काळचा गवंडी. बायको गेली, मुलाशी पटेना, तेव्हा बोचकं घेऊन निघाला. त्यापलीकडे तो सांगत नसे आणि ती विचारत नसे. जुलैत एका सकाळी त्यानं तोंडावर पांघरूण ओढलं आणि पाय उघडे पडले. उजव्या तळव्याला, करंगळीच्या बुडाशी, रुपयाएवढं भोक होतं. त्यावर माशा बसल्या होत्या.

"आरं, ह्ये काय?"

"खडा रुतला आसंल."

"कवा?"

"काय म्हाईत. दुखत न्हाई."

"पाय सडाय लागलाय न् दुखत न्हाई?"

"न्हाई ना. मंग दवाखान्यात जाऊन काय सांगू, काय हुतंय म्हनून?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि बनुबाईला भीती त्याचीच वाटली. तिच्या थोरल्या दिराचा पाय असाच, न दुखता, गुडघ्यापासून गेला होता.

त्याच महिन्यात स्टेशनबाहेरच्या लिंबाखाली एका संस्थेचा फिरता दवाखाना येऊ लागला होता. पांढरी गाडी, श्रीरामपूरच्या डॉक्टर लीना आणि आरती नावाची तरुण नर्स. दवाखाना बेघर माणसांसाठीच होता. एकदा तपासून, गोळ्या देऊन मोकळं व्हायचं नाही, दर आठवड्याला यायचं आणि त्याच माणसाला परत परत बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वार गुरुवार धरला होता. गुरुवार चांगला वार, आणि गाडीही त्या दिवशी मोकळी असायची.

चार गुरुवार गाडी आली. गावातली दोन-चार माणसं पित्ताच्या गोळ्या घेऊन गेली. ज्यांच्यासाठी दवाखाना होता, त्यातला एकही फिरकला नाही. चौथ्या गुरुवारी वाल्मिकच्या चहाच्या टपरीवर डॉक्टर आरतीला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून दुसरं गाव बघू. यांना उपचार नकोच असतील तर ओढून आणायचं का?"

बनुबाई शेजारी बशीत चहा ओतत होती. तिनं बशी खाली ठेवली.

"मॅडम, रागावू नका. पन गुरुवारी हितं कोन घावनार? गुरुवारी आख्खा फलाट शिर्डीला आसतोय."

"सगळे?"

"सगळं. गुरुवारी तितं गर्दी. गर्दी म्हंजी जेवान, दोन पैसं, येकांदा कपडा. गुरुवार त्येंचा पगाराचा दिस हाय. पगार वाटायच्या टायमाला तुमी कामगाराला दवाखान्यात बोलावताय."

वाल्मिक हसला. "मावशी, आता तुमीच डॉक्टरीन व्हा."

"तू आदी चहात पानी कमी घाल."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी डायरी काढली. "मग कोणता वार?"

"बुदवार. सकाळी सातला. माजं झाडून हुतं, तवर मान्सं उटलेली आसत्यात न् पांगलेली नसत्यात."

बुधवारी सातला गाडी लिंबाखाली लागली, आणि फलाटावरची माणसं बोचकी उचलून नदीच्या घाटाच्या वाटेला लागली. बनुबाईच्या ध्यानात आलं, आपलंही चुकलं. वार सांगितला, गाडीचं सांगितलं नाही. भिकारी धरून नेणारी गाडी अशीच पांढरी असते हे त्यांना ठाऊक होतं. आता मागून हाका मारून उपयोग नव्हता. ती गाडीच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिनं बाही वर केली.

"माजं बगा आदी."

आरतीनं दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, परत भरली. "मावशी, एकशे शहात्तर!"

"त्ये चांगलं का वाईट?"

"वाईट."

"मंग मोट्यानं सांग, पोरी. त्येंना आयकू जाऊ दे."

आरतीनं मोठ्यानं सांगितलं. जिन्यावर थबकलेला सहादेव म्हणाला, "बनुबाईला बी रोग हाय व्हय? आमाला वाटलं, हिला बगून रोगच पळतोय." चार जण हसले. हसणारा माणूस लगेच पळत नाही. सहादेव खाली उतरला, त्याच्यामागून आणखी दोघं.

डॉक्टरांनी त्याच्या बोटातलं थेंबभर रक्त तपासलं. साखर भरपूर वाढलेली होती. मग त्यांनी त्याला मान वळवायला लावली आणि पेन्सिलीचं टोक तळव्यात दाबलं.

"कळतंय का काही?"

"काय?"

डॉक्टरांनी त्याला बघायला सांगितलं. टोक अजून तळव्यातच रुतलेलं होतं.

"साखरेमुळं पायाची जाण गेलीय. म्हणून दुखत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जखम हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल. भरती व्हा."

"न्हाई. माजं बोचकं कुटं ठिवू? न् जिन्याखालची जागा गेली, मंग पावसात जाऊ कुटं?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. "पंधरा दिवस देते. गोळ्या रोज, पट्टी रोज, आणि चालायचं नाही. काळं पडलं की मी ऐकणार नाही."

"रोजची पट्टी कोण करणार, मॅडम?" आरती म्हणाली. "आपण तर आठ दिवसांनी येणार."

"मला दाव," बनुबाई म्हणाली.

आरतीनं दाखवलं. बनुबाईनं ओला बोळा हातात घेतला आणि पहिल्याच फटक्यात आरती ओरडली, "अहो, घासायचं नाही! टिपायचं." अकरा वर्षं त्या हातांनी घासायचंच काम केलं होतं. दुसऱ्यांदाही हात जड पडला. तिसऱ्यांदा जमलं. तरी बनुबाईनं चौथ्यांदा करून दाखवलं, कुणी न सांगता.

त्या दिवसापासून झाडून झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, जखम टिपायची, मलम, जाळीचं कापड, वर पट्टी. वीस मिनिटं. सहादेव जिन्याच्या खालच्या पायरीवर, ती समोर फरशीवर उकिडवी. उठताना गुडघ्यांचा कडकड आवाज यायचा. गोळी तिच्या देखत, पोटात काही गेल्यावर. तो म्हणायचा, "तुजी घेतलीस का?" मग तीही रक्तदाबाची गोळी त्याच्या देखत घ्यायची.

पहिला गुरुवार आला आणि गेला. शुक्रवारी तिनं पट्टी सोडली तर ती चिखलानं काळी आणि आतून रक्तानं ओली.

"शिर्डीला गेल्तास?"

"गाडीनं गेल्तो की."

"न् तितं?"

"रांगंत हुतो."

"किती येळ?"

"चार तास आसंल."

"आसं व्हय? मी पुसायचं न् तू नासायचं!"

"बनुबाई, गुरुवार सोडला तर आटवडाभर खाऊ काय? तुजी पट्टी?"

तिनं पट्टी बांधली, नेहमीपेक्षा सावकाश. आपल्या ताटातलं द्यावं तर तो घेणार नाही, हे तिला माहीत होतं. एकदा भाकरी देऊ केली तेव्हा त्यानं विचारलं होतं, "काय बांदून देऊ?" त्याला बसून करायचं काम हवं होतं.

दुपारी ती टपरीवर गेली. शिर्डीला जाणारे लोक इथं गाडी बदलायचे, त्यामुळं गुरुवारी आणि रविवारी वाल्मिकच्या भज्यांना उसंत नसायची.

"वाल्मिक, गर्दीच्या दिवशी कांदं-बटाटं सोलाय मानूस पायजे का न्हाई?"

"पायजे की. हाय का कोन?"

"सहादू."

"मावशी! सडक्या पायाचा मानूस टपरीवर? गिऱ्हाईक पळंल माजं."

"तुज्याकडं कांदा पायानं सोलत्यात व्हय?"

मागं उभं असलेलं गिऱ्हाईक फस्सकन हसलं. वाल्मिकनं झारा हलवला. "मागं बसवीन, पुडं न्हाई. हात साबनानं धुवायचं."

"त्ये मी बगते."

"दोन येळचं जेवान न् अर्दी हजेरी."

"काम अर्दं करनार हाय का त्यो?"

"बरं, पुरी! पन आदी काम बगीन."

वाल्मिकनं काम बघितलं आणि आठ दिवसांनी तक्रार केली. "मावशी, ह्यो गवंड्यागत सोलतोय. येकेक कांदा वळंबा लावून बगतोय!" पण सालाबरोबर कांदा जात नव्हता, हे त्यानंच पुढं कबूल केलं, आणि नंतर बाकीच्या दिवशीही त्याला बोलावायला लागला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चौदाव्या दिवशी, बुधवारी, करंगळी काळी पडलेली दिसली. डॉक्टरांनी शब्द पाळला, त्या स्वतः त्याला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. बोचकं वाल्मिकनं फळीवर ठेवलं. जिन्याखालच्या जागेत बनुबाईनं आपला खराटा, टोपली आणि बादली मांडली. कुणी तिथं पथारी टाकायला आलं की म्हणायची, "ही जागा घेतलीय." करंगळी गेली. पाय राहिला. सहाव्या दिवशी सहादेव परत आला तेव्हा जागा झाडून ठेवलेली होती.

जखम भरत आली. आधी रुपयाएवढी, मग चिंचोक्याएवढी, मग तुरीच्या दाण्याएवढी. दिवाळीपर्यंत तिथं गुलाबी कातडी धरली. तोवर बुधवारी बारा-चौदा माणसं लिंबाखाली यायला लागली होती. डॉक्टर त्याच, आरती तीच. आलेल्या माणसाला मागच्या वेळचं सगळं पुन्हा सांगावं लागत नसे. एखादा आला नाही तर डॉक्टर बनुबाईकडे बघायच्या, आणि तो घाटावर आहे की कोपरगावला गेलाय, हे तिला माहीत असायचं.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. अनवाणी चाललं, तर जखम पुन्हा होणार. मऊ रबराच्या तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल हवी. बनुबाईनं वर्तमानपत्रावर त्याच्या पायाची आखणी काढून घेतली. चपलेसाठी ती दर पगारातून थोडं बाजूला टाकत होती. डिसेंबरात ती पैसे घेऊन श्रीरामपूरला निघाली, तर सहादेवानं तिच्या हातातून कागद काढून घेतला.

"माज्या पायात माजंच."

तो गाडीनं गेला आणि चप्पल घालून आला. पट्टा एक भोक जास्तच आवळला होता. तिनं बसून तो सैल केला.

बनुबाईचे पैसे तसेच राहिले. पुढच्या पगारातली भर घालून तिनं राहात्याच्या वेल्डरकडून दोन लोखंडी स्टुलं करून घेतली. एक बुटकं, तिला बसायला. दुसरं त्याहून वीतभर उंच, समोरच्याचा पाय ठेवायला. उंच स्टूल डगमगत होतं. ती ते परत घेऊन गेली. वेल्डर म्हणाला, खाली कागदाची घडी घाला. ती म्हणाली, "पैसं घडी घालून दिल्यात का मी?" त्यानं पाय कापून सारखे करून दिले. तिनं ते फलाटावर ठेवून चारी कोपरे दाबून बघितले, मगच झाडायला लागली.

बुधवारी त्या स्टुलावर पहिला पाय आला तो नव्यानंच फलाटावर आलेल्या एका म्हातारीचा. टाचेला जखम होती आणि ती मागं सरत होती. सहादेव नव्या चपलेत शेजारी उभा होता.

"दुखत न्हाई ना, आजे?" तो म्हणाला. "मंग बस लवकर."