घंटेचा मालक

आमच्या पडवीत एक घंटा टांगलेली होती. दुपारी भाट्याच्या खाडीवरून वारा वर आला की कुणी हात न लावता ती एकदाच वाजे, आणि सगळ्या आळीतली माणसं, गुरं, आणि मला वाटतं माडावरचे नारळसुद्धा, झोपेतल्या झोपेत कूस बदलत. रत्नागिरीत मी बऱ्याच गोष्टी वाढवून सांगितल्या आहेत, पण ही तशीच्या तशी खरी आहे. घंटा वाजली की दुपार पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. काही काही दुपारी तर मला दोनदा जेवावं लागे.

घंटा माझ्या बापाची. बापूस आगबोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. जर्मनच्या लढाईत त्याची बोट पाणबुडीने फोडली. बाकीचे आपापला जीव सोडवत होते तेव्हा हा पठ्ठ्या बोटीवरची घंटा सोडवत होता. इथपर्यंतचं त्याने स्वतः सांगितलेलं. पुढचं माझं आहे. घंटा कमरेला बांधून तो एडनच्या दिशेने पोहत निघाला, हात थकले तेव्हा एका देवमाशाने त्याला पाठीवर घेतलं, आणि देवमासा शेपटी हलवी ती घंटेच्या ठोक्यावर. ऐकणाऱ्याने तोंड उघडं टाकलं की देवमासे दोन होत. जांभई दिली तर पाणबुडी परत येई.

बोट बुडाल्यावर मिळालेल्या रजेत बापसाने घंटेबरोबर एक दुर्बीण आणि बुचाचं जाकीट आणलं होतं. दुर्बिणीचा एक डोळा फुटका होता, पण उरलेल्या डोळ्यातून मस्कतच्या बाजारातले खजूर मोजता येत, असं मी सांगत असे. जाकिटात आमची मांजर दरवर्षी व्यायची. तिची पिल्लं कधी बुडाली नाहीत.

रजा संपली, बापूस दुसऱ्या बोटीवर गेला, आणि ती बोट कुठल्याच बंदराला लागली नाही. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की बोट बेपत्ता आहे. आईने त्याला गुळपाणी दिलं आणि म्हणाली, "बेपत्ता म्हणजे पत्ता लागत नाय, एवढंच ना? माणूस नाय, असं तर कोण बोललंन नाय." नंतर कधीतरी टपालाने राजाचं तोंड असलेलं एक पदक आलं. ते आईने बापसाच्या सदऱ्याशेजारी खुंटीला अडकवलं. "आल्यावर लावतील," म्हणाली. नारळी पुनवेला ती त्याच्या नावाचा वेगळा नारळ समुद्रात सोडी, आणि कपाळावर कुंकू लावी ते पलीकडच्या काठावरून दिसेल एवढं.

आमच्यात समुद्रावर गेलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग भटजी पळसाच्या पानांचा पुतळा करतो, त्याला अग्नी देतात, आणि मागे राहिलेल्या बाईचं कुंकू जातं. बारा वर्षं होऊन गेली होती. भटजी वर्षातून एकदा आमच्या पडवीत टेकायचे आणि नुसते खाकरायचे. आई त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवी. "घशाला काय झालंय ते एकदा दाखवा हो वैद्याला," म्हणे.

त्या वर्षी शिमगा झाला आणि आळीतली दोन घरं जळाली. गवताने शाकारलेली घरं ती, आग लागली की विझवायला पाणी आणीपर्यंत उरतंय काय. मी तेव्हा बंदरावर कारकून होतो. आगबोटीतून उतरलेला एक विमावाला बाजारातल्या दुकानांचे विमे उतरवत फिरत होता. पुण्याकडचा, काळा कोट, भर उन्हात कोरडा. मी त्याला घंटेविषयी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, देवमासा एकच घेतला. तरी तो म्हणाला, "लढाईतली वस्तू आहे, तिचा विमा उतरवायलाच हवा. घर जळलं तर घर परत बांधाल. ही कुठून आणाल?"

हे माझ्या मनात घुसलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला घरीच घेऊन आलो.

आई पडवीत विळीवर कैऱ्या चिरत होती, आंबोशी घालायला. विमावाल्याने घंटा बोटाच्या पेराने वाजवली, कान लावला, भिंग काढून काठ तपासला.

"ह्यावर बोटीचं नाव कोरलेलं असतं. ते कुठंय?"

"होतं," मी म्हणालो. "आई दर दसऱ्याला आमसुलाने घासते. नाव उजळत उजळत गेलं."

"मग कळकट ठेवू काय?" आई म्हणाली. "आतून देव हायत त्या भिंतीला टांगलीय."

"नाव नाही म्हणजे नुसत्या पितळेची किंमत आली, बाई."

मग मी बोलायला लागलो. पाणबुडी आणली. विमावाल्याने एक आकडा लिहिला. देवमासा आणला, त्याने आकडा खोडून वरचा लिहिला. दुसरा देवमासा पोहत आला. मी एडनचा गव्हर्नर धक्क्यावर उभा केला, त्याच्या हातात हार दिला. विमावाल्याची पेन्सिल बोथट झाली, त्याने आईच्या विळीवर टोक काढून घेतलं.

"एवढं सगळं पोहलेत ते," आई कैरीवरून नजर न काढता म्हणाली, "आणि घरी आले तेव्हा पायाला साधी सुरकुती नव्हती."

विमावाला हसला. मग त्याने नवं पान काढलं.

"मालक कोण लिहू?"

"मी."

"म्हणजे वारसाने आली. वडील केव्हा वारले?"

विळी थांबली.

साधं एक वर्ष सांगायचं होतं. कुठलंही चाललं असतं. ज्याने बापाला देवमाशावर बसवलं, गव्हर्नरला उन्हात ताटकळत ठेवलं, त्या माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी घंटेकडे बघितलं. ती पण गप्प. वारासुद्धा त्या दिवशी खाडीवरच बसून राहिला होता.

"ते वारले असं तुला कोणी सांगितलंन?" आईने विचारलं.

विमावाला गडबडला. "मग मालक तेच. त्यांची सही लागेल."

"घे की. आले की घे."

"केव्हा येणार?"

"ते मला सांगून गेलेत काय?"

"बाई, असं कसं चालेल? हयात असतील तर विमा त्यांच्या नावे. नसतील तर ह्यांच्या. मधलं काही नसतं."

आईने चिरलेल्या फोडी सुपात सारल्या. मग माझ्याकडे बघून अगदी हळू बोलली. "तू गप्प बसलास. जन्मल्यापासून तुला गप्प बसलेला मी बघितला नाय. म्हणजे तुझ्या मनात वर्ष हाय."

मी नाही म्हणालो नाही.

"चल," ती उठली. "देवालाच विचारू."

बाहेरगावच्या माणसाला आमचा कौल सांगायला हवा. ग्रामदेवतेच्या पाषाणावर गुरव दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. बी कधी पेरायचं, मुलगी कुठे द्यायची, गाव हेच करतो. पण इतक्या वर्षांत बापसाबद्दल आईने देवाला एकदाही विचारलं नव्हतं. लोकांना वाटे, तिची श्रद्धा कमी आहे. मला त्या दिवशी, देवळाच्या पायऱ्या चढताना, समजलं की विचारलं म्हणजे उत्तर येतं.

देवळात गार काळोख होता. तेलाचा, ओल्या दगडाचा आणि सुरंगीचा वास. बातमी आमच्या आधी पोचली होती, कारण निम्मा गाव बसलेला. निम्मा म्हणजे पंधरावीस माणसं, पण उरलेला निम्मा झाडांवर होता असं मला आठवतं. गुरवाने पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर घंटा बापसाची, डावी पडली तर माझी. मग त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पायाशी घंटेची बाब आणलीन हाय."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"पुण्याचा पावना विमा करतंय. तर घंटेचा मालक कोण, ता तू मोकळ्या मनान सांग."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकलं माकलं आसल तर पदरात घे, आनि वाट दाखव."

"व्हय म्हाराजा," ह्या वेळी विमावालाही म्हणाला. सगळ्यात मोठ्याने.

मग आम्ही बसलो. पाकळ्या हलेनात. समईची ज्योत वाकली, सरळ झाली, पाकळ्या तिथेच. कुणीतरी पानाची चंची सोडली. देवळाबाहेर ऊन पांढरं होत होत पिवळं झालं. मला डुलकी लागली असेल किंवा नसेल. मी बघितलं की बापूस सभामंडपातून चालत येतोय, अंगातून पाणी निथळतंय, कमरेला घंटा. तो माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि इतरांसारखाच पाकळ्यांकडे बघायला लागला. त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या ओल्या धोतराचा गारवा माझ्या गुडघ्याला लागत होता. बाजूला बघितलं तर आई बसलेली, डोळे मिटलेले, एक हात कपाळाशी, जसं कुणी वाऱ्यात दिव्याला आडोसा करतं.

बंदरात आगबोटीने शिट्टी दिली. विमावाला दचकला. त्याला होडीतून बोटीपर्यंत जायचं होतं, आणि दुसरी बोट चार दिवस नव्हती. तरी तो उठेना.

"थांबतो मी," म्हणाला. "आता पडेलच."

"तू जा, बाबा," आई डोळे न उघडता म्हणाली. "बोट गेली की मागच्यांचं काय होतं ते आम्हाला ठाऊक हाय."

तो गेला. जाताना देवाला, गुरवाला, आईला आणि मला वाटतं चुकून खांबालाही नमस्कार करून गेला. सांज झाली तशी माणसं एकेक करून उठली. पाकळ्या होत्या तिथेच होत्या.

सकाळी गुरव आमच्या अंगणात उभा. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. आई आरशासमोर मेण लावून कुंकू टेकवत होती.

"वहिनी, पडली."

"बरं," आईने कुंकू गोल केलं.

"कुठली ता सांगू?"

"मी विचारलं काय तुला?"

गुरव गोंधळला. "काल घातलंव ना गाऱ्हाणं."

"काल विचारणारा पावणा होता. तो गेला. आता ती नुसती पाकळी हाय." तिने शिध्याचं गाठोडं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि नारळ पुढे केला. नारळ घ्यायला त्याला मूठ उघडावी लागली असती, म्हणून तिनेच तो त्याच्या काखेत सरकवला. "जाता जाता ती पाकळी खाडीत सोड. भरती हाय."

मी पायरीवर उभा होतो. मूठ माझ्यापासून दोन हातांवरून गेली. आई माझ्याकडे बघत होती. मी बाजूला झालो.

पुढे गुरवाला मी किती वेळा खोदून विचारलं, किती माडी पाजली. एवढी पाजली की त्याच्या पावलांमागून माडाची रोपं उगवली असतील. बोलला नाही. घंटेचा विमा राहिला तो राहिलाच. भटजी पुढच्या वर्षी आले, बसले, ताक प्यायले, खाकरले नाहीत.

माझ्या गोष्टीत मात्र फरक पडला. पूर्वी देवमासा बापसाला एडनला उतरवत असे. आता उतरवत नाही. पाठीवर घेतो आणि चालूच राहतो, बेटांवरून, चांदण्यातून, घंटेच्या ठोक्यावर. पडवीत पोरं जमवून मी सांगायला लागलो की आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबे.

"आता कुठवर आला रे तो मासा?" आई विचारी.

"मस्कत ओलांडलंन."

"हळू येऊ दे," ती म्हणे. "पाऊसकाळ जवळ आलाय. दर्या खवळलेला आसल."

आणि भाकरी पुन्हा थापू लागे.